पलंगावरून उतरताना

“आत्या, तुम्ही पडून राहा. काय हवं ते मी हातात आणून देते.” वहिनीच्या या बोलण्यात मायाच होती. आत्याचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरला होता, किमोनंतर तर ती पार गळून जायची. महिनाभरात तिला कमोडवरून आधाराशिवाय उठता येईना. आम्ही सगळा दोष आजारालाच दिला. फिजिओथेरपिस्टने मात्र पलंगाकडे बोट दाखवलं.

कॅन्सरचा हा थकवा झोप काढून जात नाही. पडून राहिलं की मांड्या झिजतात, मग चार पावलांत धाप लागते आणि धाप लागते म्हणून माणूस पुन्हा आडवा होतो. व्यायामाने हा थकवा कमी होतो का, हे युरोपातले पाच देश आणि ऑस्ट्रेलिया इथे तपासलं गेलं. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेले ३५७ रुग्ण घेतले. त्यातल्या निम्म्यांनी नेहमीच्या उपचारांसोबत ९ महिने व्यायाम केला. पहिले सहा महिने आठवड्यातून दोनदा, तासभर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. चालणं-सायकल होतीच, वजनंही होती. २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले: व्यायाम करणाऱ्यांचा थकवा कमी होता, रोजचं जगणं सुसह्य होतं. व्यायामाने कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका.

हाडांत गाठी असतील तर त्या नेमक्या कुठे आहेत, हे डॉक्टरांना आधी विचारायलाच हवं. मणक्यात असतील तर कमरेतून वाकणं, पीळ देणं, झटके देणं टाळायचं. म्हणजे शेजाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी सूर्यनमस्कार नकोत. मांडीच्या हाडात असतील तर उड्या नकोत, एका पायावर भार नको. ताप असेल किंवा प्लेटलेट्स फार उतरल्या असतील, तर त्या दिवशी सुट्टी. हाडात नवी कळ आली, पाय बधिर वाटू लागले, तर थांबून लगेच डॉक्टरांना कळवायचं.

आत्याला शिकवलेला पहिला व्यायाम म्हणजे भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठणं. पाय जरा मागे, छाती पुढे, पाठ सरळ. हात टेकले तरी चालतील. पहिल्या दिवशी दोनदा जमलं आणि कपाळावर घाम आला. वहिनी शेजारी उभी होती, पण हात पाठीमागे बांधून. तसंच सांगितलं होतं तिला. सहाव्या आठवड्यात आत्या दहा वेळा उठायला लागली. रात्री कुणाला हाक न मारता बाथरूमला जाता यावं, एवढंच तिचं मागणं होतं.