विजेची इवली मोटार कीं पेट्रोलची लहान गाडी?

घरांत मोटार घ्यावयाची असली म्हणजे पूर्वीं किंमत आणि पेट्रोल या दोनच गोष्टींचा खल होत असे. अलीकडे त्यांत तिसरी गोष्ट शिरली आहे. जळगांव व धुळें या दोन्ही शहरांतून आतां विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसतात, आणि पगारदार किंवा लहान व्यापारी गृहस्थापुढें सहजच असा प्रश्न उभा राहतो कीं, गल्लीबोळांतून सुलभपणें फिरणारी विजेची इवली मोटार घ्यावी, कीं मागचें दार वर उचलून उघडणारी, हॅचबॅक नांवानें ओळखली जाणारी पेट्रोलची लहान गाडी पसंत करावी? हा प्रश्न आवडीनिवडीचा भासला तरी वस्तुतः तो हिशेबाचा आहे. आणि घरची कित्येक वर्षांची शिल्लक त्यांत गुंतावयाची असल्यामुळें तो हिशेब नीट मांडून पाहणें अगत्याचें आहे.

इवल्या मोटारीची कल्पना आपल्या देशांत अगदींच नवी नाहीं. बंगळूर येथें तयार झालेली रेवा ही विजेची गाडी २००१ सालीं बाजारांत आली. तिच्यांत शिशाच्या बॅटऱ्या असत व एका चार्जिंगवर ती ८० किलोमीटरांच्या आसपास जाई. टाटांची पेट्रोलवरील नॅनो २००९ सालीं विक्रीस आली. २०१८ सालीं तिचें उत्पादन थांबलें. पुढें २०२३ सालीं एम. जी. कंपनीची कॉमेट ही विजेची गाडी आली. २०२५ च्या जानेवारींत तर पुण्याच्या एका कंपनीनें दोन मोठीं माणसें व एक मूल एवढ्यांपुरतीच जागा असलेली, छपरावर सौर तावदान बसविलेली एव्हा नांवाची गाडी दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडली. तथापि प्रस्तुत तुलनेसाठीं कॉमेट आणि मारुतीची वॅगन-आर या दोन गाड्या घेतल्या म्हणजे दोन्ही पक्षांतील भेद पुरेसा स्पष्ट होतो.

प्रथम आकार पाहूं. कॉमेटची लांबी २९७४ मिलिमीटर, तर वॅगन-आरची ३६५५. म्हणजे पहिली गाडी सुमारें सव्वादोन फुटांनीं आंखूड आहे. सव्वादोन फूट ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते, परंतु धुळ्याच्या जुन्या पेठेंत तिचें मोल कळतें. ही पेठ कॅप्टन ब्रिग्ज याच्या कारकीर्दींत, १८१९ च्या सुमारास, आंखून वसविली गेली. गल्ल्या सरळ व क्रमांक घातलेल्या आहेत खऱ्या, परंतु त्या आंखल्या गेल्या तेव्हां मोटार कोणाच्या स्वप्नींही नव्हती. जळगांवच्या सराफ बाजारांत किंवा फुले मार्केटच्या आसपास सणासुदीला गाडी उभी करण्यास जागा शोधणारासही हाच अनुभव येतो. अशा ठिकाणीं इवली गाडी वळते चटकन् आणि मावतेही चटकन्. मात्र याचा मोबदला द्यावा लागतो. कॉमेटमध्यें चौघें बसतात, परंतु चौघें बसल्यावर सामानाला जागा जवळजवळ उरत नाहीं. वॅगन-आरमध्यें चौघें बसूनही पेट्या व पिशव्या मागें राहतात.

आतां अंतराचा विचार. कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटांची असून कंपनीनें एका चार्जिंगवर २३० किलोमीटर हें अंतर जाहीर केलें आहे. परंतु तें ठराविक चाचणीचें अंतर होय. गारव्याचें यंत्र, वेग आणि ओझें यांनीं तें घटतें. व्यवहारांत १६० किलोमीटर धरून चालावें. जळगांवाहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळें सुमारें ९० किलोमीटर आहे; जाऊन येऊन १८०. म्हणजे सकाळीं निघून संध्याकाळीं परतणाऱ्यास धुळ्यास गाडी चार्ज करावीच लागणार. कोणी म्हणेल, हमरस्त्यावर जलद चार्जिंगचीं केंद्रें झालीं आहेत. परंतु येथेंच एक बारकावा लक्षांत ठेवावयास हवा. कॉमेट त्या जलद यंत्रावर चार्ज होतच नाहीं. घरगुती प्रकारच्या चार्जरवर तिला सुमारें सात तास, आणि अधिक शक्तीचा चार्जर घेणाऱ्या प्रकारांत साडेतीन तास लागतात. नाशिक किंवा छत्रपति संभाजीनगर तर दीडशें किलोमीटरांहूनही दूर आहे. रात्रीं-अपरात्रीं घरांतील रोग्यास तेथील मोठ्या रुग्णालयांत न्यावयाचें झाल्यास सात तास थांबणें कोणास परवडेल? पेट्रोलची गाडी मात्र तीस लिटरांवर पांच-साडेपांचशें किलोमीटर जाते.

खर्चाचें गणित याच्या उलट बाजूस झुकतें. पेट्रोल लिटरला १०५ रुपये, शहरांत लिटरमागें १५ किलोमीटर. वीज युनिटला १० रुपये, आणि चार्जिंगमधील गळती धरून युनिटमागें ८ किलोमीटर, असें मानूं. रोज २० किलोमीटर, म्हणजे महिन्याला ६००, फिरणाऱ्यास पेट्रोल ४२०० रुपयांचें आणि वीज ७५० रुपयांची लागेल. वर्षाची बचत ४१,४०० रुपये. आतां किंमत पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जी. एस. टी. १८ टक्क्यांवर उतरला, त्यामुळें वॅगन-आर पांच लाखांच्या आसपास सुरू होऊं लागली. बॅटरीसह कॉमेट साडेसात लाखांच्या आसपास. महाराष्ट्रांत विजेच्या गाडीस मोटार-करांत सूट असल्यामुळें रस्त्यावर येईपर्यंतची तफावत सुमारें दोन लाख धरावी. ती भरून निघण्यास पांच वर्षें लागतील. परंतु महिन्याला २०० किलोमीटरच फिरणाऱ्यास तीच तफावत भरण्यास चौदा-पंधरा वर्षें लागतात. उलट जळगांवांत राहून रोज भुसावळास नोकरीसाठीं जाणारा मनुष्य दिवसाला पन्नास किलोमीटर चालतो. हमरस्त्यावर पेट्रोल लिटरमागें वीस किलोमीटर देईल असें धरलें तरी त्याचे दोन लाख साडेतीन वर्षांच्या आंत वसूल होतात. यावरून, गाडी लहान म्हणून थोडें फिरणारानें ती घ्यावी हा समज चुकीचा ठरतो. विजेची गाडी रोज, नेमानें, पण घराजवळच्या परिघांत फिरणाराची आहे. बॅटरी भाड्यानें घेण्याची सोयही आहे, परंतु तें भाडें किलोमीटरवर पडत असल्यामुळें बचत पुष्कळच आटते.

दोन अडचणी विशेषेंकरून खानदेशच्या आहेत. मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तीव्र उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें. म्हणून गाडी सावलींत ठेवावी, आणि उन्हांतून आल्याबरोबर न लावतां रात्रीं चार्ज करावी. त्याकरितां स्वतःची झांकलेली जागा व नीट अर्थिंग केलेला १५ अँपिअरचा प्लग हवा. गल्लींतून वायर ओढून गाडी चार्ज करणें धोक्याचें आहे. दुसरी अडचण सणांची. आखाजीला लेकी माहेरीं येतात. मुराळी जाऊन त्यांना मुलाबाळांसह आणतो, आणि हें सारें ऐन वैशाखाच्या उन्हांत. श्रावणांत कानबाईसाठीं सारें घर मूळ गांवीं जातें. त्या दिवसांत घरांतील एकुलती एक गाडी तीन मीटरांची असेल तर दुसरी भाड्यानें आणावी लागेल.

तेव्हां गृहस्थानें दुकानांत जाण्यापूर्वीं गेल्या वर्षांतील आपले प्रवास एका वहींत उतरवावे: रोज किती, वर्षांतून लांब किती वेळां, आणि बरोबर माणसें किती. घरांत दुसरी मोटार आहे, झांकलेली जागा व प्लग आहे, आणि रोज वीस-पन्नास किलोमीटरांचें नेमानें जाणें आहे, अशांनीं विजेची इवली गाडी निःशंक घ्यावी. परंतु जेथें एकच मोटार सर्वांची, तेथें आज तरी पेट्रोलची लहान गाडीच शहाणपणाची. ज्यांस वीजच हवी त्यांच्यासाठीं २०२२ सालीं आलेल्या टाटांच्या टियागोसारखी, जलद केंद्रांवर चार्ज होणारी विजेची हॅचबॅक ही मधली वाट आहे. कोणतीही घ्यावी, मात्र दुरुस्तीचें केंद्र आपल्या शहरीं आहे कीं नाशिकास, हें पैसे मोजण्यापूर्वीं विचारून घ्यावें.