भरत खंडारे: अष्टकोनी पिंजऱ्यातला पहिला भारतीय

अमरावती-अकोल्याच्या आखाड्यांत घाम गाळणाऱ्या पोट्ट्यांनो, हे नाव माहीत असू द्या. मुंबईचा भरत खंडारे, मूळचा कुस्तीगीर. 2012 साली सुरू झालेल्या सुपर फाइट लीग या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत तो चॅम्पियन झाला आणि 2017 मध्ये याच खेळाच्या यूएफसी या जागतिक स्पर्धेत, अष्टकोनी पिंजऱ्यात, भारतातून थेट पोचणारा पहिला फायटर ठरला.

25 नोव्हेंबर 2017, शांघाय. समोर चीनचा एकोणीस वर्षांचा साँग यादाँग. पहिल्याच फेरीत गिलोटिन चोक लागला आणि भरत हरला. आपल्याकडे लगेच ‘गेला कामातून’ म्हणतात. मला ते पटत नाही. तोच साँग पुढे आपल्या वजनगटातल्या अव्वल फायटरांत जाऊन बसला!

गिलोटिन म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळणं. कुस्तीगीर पट काढायला वाकला की त्याची मान आयती मिळते. कुस्तीत गळा आवळायला मनाई, त्यामुळे ही भीती अंगात मुरलेलीच नसते. वर्षानुवर्षांची सवय मोडून नवी लावायची, तीही घरच्या मैदानापासून दूर, हे सोपं नाही.

यूएफसीत भारतीय महिलेचा पहिला विजय यायला जून 2024 उजाडला, तो पूजा तोमरने मिळवला. पण दार आधी भरतने ठोठावलं होतं.

आपल्याकडे अमरावतीत 1914 पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, मॅट आहे, माती आहे. पट काढणाऱ्यांनो, मान वाचवायला आजपासून शिका.