बीएमआय : आकडा एक, शरीरं मात्र वेगवेगळी! वयानुसार वजन कसं सांभाळायचं?



शाळेत आरोग्य तपासणी झाली की मुलांच्या कार्डावर उंची आणि वजन लिहून येतं. मग पालक विचारतात, "सर, माझ्या पोराचं वजन बरोबर आहे का हो?" हाच प्रश्न स्वतःबद्दल मात्र आपण क्वचितच विचारतो. वणी तालुक्यातलं आपलं राजूर म्हणजे कोळसा खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं गाव. इथे अंगमेहनत करणारे आहेत, पाळीत काम करणारे आहेत, शेती करणारे आहेत आणि आपल्यासारखे खुर्चीवरचेही आहेत. सगळ्यांना एकच माप कसं लावायचं? त्यासाठी बीएमआय म्हणजे काय, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेऊ.

बीएमआय म्हणजे काय?

बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स, मराठीत शरीर वस्तुमान निर्देशांक. सूत्र अगदी सोपं आहे :

बीएमआय = वजन (किलोग्रॅम) ÷ उंचीचा वर्ग (मीटर)

उदाहरण घेऊ. एका व्यक्तीचं वजन ६२ किलो आणि उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे १.६० मीटर आहे. १.६० × १.६० = २.५६. आता ६२ ÷ २.५६ = २४.२. हा झाला त्या व्यक्तीचा बीएमआय.

हे सूत्र डॉक्टरांनी नाही, तर बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३२ च्या सुमारास मांडलं. त्यांना कोणाचा लठ्ठपणा मोजायचा नव्हता. माणसाची उंची वाढते तसं वजन कोणत्या प्रमाणात वाढतं, हे त्यांना पाहायचं होतं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेचे अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या ७ हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासली आणि या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. थोडक्यात, मोठ्या समूहाकडे पाहण्यासाठी हे माप तयार झालं. एकट्या माणसाच्या तब्येतीचा निकाल देण्यासाठी ते बनलेलंच नव्हतं.

आपली रेषा वेगळी का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात १८.५ ते २४.९ हा बीएमआय योग्य मानतात. २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. पण भारतीय माणसाला हा तक्ता जसाच्या तसा लावता येत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. कागदावर दोघेही अगदी 'नॉर्मल'. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे आकडा सारखा, पण चरबी दुपटीहून जास्त. युडकिन मॅरेथॉन पळतात आणि आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयातली लिफ्ट बंद व्हायच्या आत धावत जाऊन पकडणं, अशी गंमतही त्यांनी त्यात नोंदवली होती.

पण सगळा दोष व्यायामाचा नाही. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त. म्हणून अशा बाळाला 'थिन-फॅट' बाळ असं नाव पडलं.

याचा अर्थ काय? "हातपाय तर काडीसारखे आहेत, मला काय साखर होणार?" हा समज आपल्याकडे खरा ठरत नाही. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण धोक्याची असते. पोटातली, यकृताभोवतालची चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. त्यातून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. आपल्याकडे हे सगळं कमी वजनावर आणि कमी वयातच सुरू होतं.

म्हणूनच २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हायला सांगितलं. भारतातल्या तज्ज्ञांनीही २००९ मध्ये आपल्यासाठी रेषा खाली आणली :

- १८.५ पेक्षा कमी : वजन कमी
- १८.५ ते २२.९ : योग्य
- २३ ते २४.९ : जादा वजन
- २५ आणि पुढे : लठ्ठपणा

वरच्या उदाहरणातला २४.२ हा बीएमआय जागतिक तक्त्यात 'योग्य' आहे, पण भारतीय तक्त्यात 'जादा' ठरतो. रोज गणित करायला नको म्हणून प्रौढांसाठी योग्य वजनाचा अंदाज देतो :

- उंची १५० सेंमी : ४२ ते ५१ किलो
- उंची १५५ सेंमी : ४५ ते ५५ किलो
- उंची १६० सेंमी : ४८ ते ५८ किलो
- उंची १६५ सेंमी : ५१ ते ६२ किलो
- उंची १७० सेंमी : ५४ ते ६६ किलो

गर्भवती मातांना हा तक्ता लावू नये. खूप स्नायू कमावलेल्या पहिलवान किंवा खेळाडूंनाही तो लागू पडत नाही.

सोबत एक दोरी हवीच

वजनकाटा फक्त एकूण ओझं सांगतो. त्यात स्नायू किती, हाडं किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही. म्हणून बीएमआयच्या जोडीला कंबरेचा घेर मोजायचा. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण आहे. टेप पँटच्या पट्ट्याच्या जागी लावू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा. श्वास सोडा आणि पोट आत न ओढता मोजा.

घरी टेप नसेल तर साधी दोरी घ्या. आपल्या उंचीएवढी कापा आणि मधोमध दुमडा. ही अर्धी दोरी कंबरेभोवती आरामात पुरली तर ठीक. कमी पडली तर पोटाकडे लक्ष द्यायची वेळ आली, असं समजा. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, हा नियम ५ वर्षांवरच्या मुलांनाही चालतो.

मुलांचं गणित निराळं

पालकांनी हा भाग नक्की वाचावा. मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये मुलाची उंची-वजन टाकून घाबरून जाऊ नका. समजा, १० वर्षांच्या मुलाची उंची १३५ सेंमी आणि वजन ३० किलो आहे. त्याचा बीएमआय १६.५ येतो. मोठ्यांच्या तक्त्यात हा 'फारच कृश' ठरेल. पण १० वर्षांच्या मुलासाठी तो अगदी सर्वसाधारण आहे! मुलांचा बीएमआय पहिल्या वर्षानंतर कमी होत जातो, साधारण ५-६ वर्षांच्या सुमारास सर्वांत खाली येतो आणि मग पुन्हा वाढतो. त्यामुळे मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी पाहूनच वाढीचा आलेख वापरतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांसाठी २०१५ मध्ये असे आलेख प्रसिद्ध केले आहेत. एका दिवसाचा आकडा महत्त्वाचा नाही. मूल आपल्या रेषेवरून पुढे चाललंय, की रेष सोडून खाली घसरतंय किंवा एकदम वर चढतंय, हे पाहायचं असतं.

५ वर्षांखालच्या लेकरांसाठी अंगणवाडीत उंचीनुसार वजन आणि दंडाचा घेर पाहतात. ६ महिने ते ५ वर्षांच्या बाळाचा दंडघेर १२.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर कुपोषणाची शंका आणि ११.५ पेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण. अशा वेळी "आमच्या घरचे सगळेच बारीक" असं म्हणून थांबू नका.

महाराष्ट्रात दोन्ही प्रश्न एकाच वेळी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या साधारण २१ टक्के स्त्रियांचं वजन कमी होतं आणि साधारण २३ टक्के स्त्रियांचं जास्त. कमी वजनाच्या आईचं बाळही लहानखुरं जन्मण्याची शक्यता वाढते आणि पुढे 'थिन-फॅट'चं चक्र सुरू होतं. म्हणून घरातल्या मुलीने आणि सुनेने सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाणं ही रीत बंद व्हायला हवी. पुढच्या पिढीचा मधुमेह टाळायचा तर सुरुवात इथूनच होते.

वय वाढतं तसं काय बदलतं?

*२० ते ४० :* वजन या काळात चोरपावलांनी वाढतं. १६५ सेंमी उंचीच्या तरुणाचं २२ व्या वर्षी वजन ५६ किलो आहे, म्हणजे बीएमआय २०.६. वर्षाला फक्त अर्धा किलो वाढला, तर ५२ व्या वर्षी तो ७१ किलोचा होतो आणि बीएमआय २६.१ वर जातो. कोणत्याच वर्षी काही बिघडलंय असं वाटत नाही. म्हणून विशीतलं वजन लक्षात ठेवा आणि दर वाढदिवसाला त्याच्याशी तुलना करा.

*४० ते ६० :* तिशीनंतर, व्यायाम नसेल तर, दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. त्यांची जागा चरबी घेते. "माझं वजन दहा वर्षांपासून तेच आहे" असं म्हणणाऱ्याची पँट मात्र घट्ट होते, त्याचं कारण हेच. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्येही चरबी पोटाकडे सरकते. या वयात काट्यापेक्षा दोरी जास्त खरं बोलते.

*६० नंतर :* पाठीचे मणके दबून उंची थोडी कमी होते, त्यामुळे बीएमआय आपोआप वाढलेला दिसतो. या वयात वजन थोडं जास्त असणं तितकंसं वाईट नाही, स्नायू जाणं जास्त वाईट. आजी-आजोबांना उपाशी ठेवून बारीक करू नका. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोहून अधिक, तर "वय झालं" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा.

करायचं काय?

- मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालावं, मुलांनी रोज ६० मिनिटं खेळावं. आपल्याकडचा उन्हाळा पाहता एप्रिल-मे मध्ये उन्हं तापायच्या आत चाला. ट्रक धावणाऱ्या रस्त्यापेक्षा शाळेचं मैदान बरं.
- चालण्याने स्नायू पुरेसे टिकत नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी बैठका, सूर्यनमस्कार करा. वयस्कांनी हात न टेकता खुर्चीतून उठ-बस करावी.
- जेवणात ज्वारीची भाकर, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, दूध-दही, चालत असेल तर अंडी ठेवा. तूर आपल्याच शेतात पिकते, ती पातळ पाण्यासारखी करून काय उपयोग?
- चहातली साखर, समोसा-कचोरी, चिप्सची पाकिटं कमी करा. उपवासाची तळलेली साबुदाण्याची वडी हे 'हलकं खाणं' नव्हे.
- रात्रपाळी असेल तर घरून डबा न्या. नाहीतर जागरणात चहा-बिस्किटांवरच पोट भरतं.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी

हा विषय वर्गात गणिताला जोडून छान शिकवता येतो : वर्गसंख्या, दशांश, भागाकार, आलेख. पण उदाहरणं काल्पनिक घ्या. मुलांची वजनं वर्गात मोठ्याने वाचू नका आणि फळ्यावर तर मुळीच लिहू नका. 'ढोल्या' किंवा 'काडीपैलवान' असं नाव एकदा पडलं की ते दहावीपर्यंत चिकटतं. काही मुली तर त्या धास्तीने डबा खायचंच सोडतात.

दुसरं, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्या दिवशीची उंची-वजनाची नोंद कपाटात न ठेवता मागच्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहा. ज्या मुलाची रेष बदललेली दिसेल, त्याच्या पालकांना बाजूला बोलावून शांतपणे सांगा आणि पथकातल्या डॉक्टरांशी गाठ घालून द्या.

बीएमआय ही चाळणी आहे, गुणपत्रिका नाही. कोणाकडे जरा जास्त लक्ष द्यायचं, एवढंच ती दाखवते. आज घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची उंची, वजन आणि कंबर एका वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. काय बदललं, ते वहीच सांगेल.