ग्वेनल्लिअन : एका वेल्श नावाची व्युत्पत्ती, अर्थ आणि प्रसार

विशेषनामाला अर्थ असतो किंवा कसे, हा तर्कशास्त्रातील एक जुना वाद आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले, की विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते, तिच्या गुणधर्मांविषयी मात्र काही सांगत नाही. तर्कशास्त्रापुरते हे मत ग्राह्य धरले, तरी भाषा व समाज यांच्या अभ्यासकाला तेवढ्यावर थांबता येत नाही. नावाची घडण कोणत्या शब्दांतून झाली, ते कोणी कोणाला दिले, परभाषेच्या दप्तरात शिरताना त्याचे काय झाले, हे प्रश्न उरतातच. वेल्समधील ‘ग्वेनल्लिअन’ हे स्त्रीनाम या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. मध्ययुगीन वेल्समध्ये घरोघरी आढळणारे हे नाव आज त्या देशाबाहेर जवळजवळ अपरिचित आहे.

प्रथम उच्चाराचा विचार करणे आवश्यक आहे. कारण या नावाचे पुढील भवितव्य पुष्कळ अंशी त्याच्या उच्चाराशी निगडित आहे. येथे ‘ल्ल’ या जोडाक्षराने दाखविलेला ध्वनी म्हणजे मराठीतील द्वित्त लकार नव्हे. जीभ लकाराच्या स्थानी टेकवून, स्वरतंतूंचे कंपन न होऊ देता, जिभेच्या कडांवरून श्वास जोराने सोडला असता जो घर्षणयुक्त ध्वनी उमटतो, तो हा होय. ध्वनिशास्त्राच्या परिभाषेत त्यास अघोष पार्श्विक घर्षक म्हणता येईल. वेल्श वर्णमालेत त्याला स्वतंत्र वर्णाचे स्थान आहे. इंग्रजीत तो नाही, आणि मराठीतही नाही. नावातील आघात उपान्त्य अवयवावर, म्हणजे नेमका या ध्वनीने आरंभ होणाऱ्या ‘ल्लि’ या अवयवावर पडतो.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने नावाचे पूर्वपद निःसंदिग्ध आहे. ‘ग्विन’ म्हणजे पांढरा आणि ‘ग्वेन’ म्हणजे पांढरी. मराठीत विशेषणाचे लिंग अंत्य स्वराने सूचित होते. वेल्श भाषेतील काही जुन्या विशेषणांत ते मधल्या स्वराच्या पालटाने सूचित होते. मात्र या शब्दाचा अर्थ केवळ वर्णवाचक नाही. शुभ, पवित्र, धन्य अशा छटाही त्यात आहेत. मराठीतील ‘शुभ्र’ आणि ‘शुभ’ हे शब्द शेजारी ठेवून पाहिल्यास हा अर्थविस्तार सहज ध्यानी येतो. त्याचे मूळ प्राचीन केल्टिक ‘विन्दो’ या शब्दात असून, व्हिएन्ना नगरीच्या ‘विन्दोबोना’ या प्राचीन नावातही तोच शब्द आढळतो. काही भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध संस्कृत ‘विन्दति’ या क्रियापदाच्या मूळ धातूशी जोडतात. जे डोळ्यांना सापडते, स्पष्ट दिसते, ते उजळ, असा त्यामागील तर्क आहे.

उत्तरपदाविषयी मात्र दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते त्यात ‘ल्लिआइन’, म्हणजे जवसाच्या धाग्याचे वस्त्र, हा शब्द आहे. संस्कृत वाङ्मयातील ‘क्षौम’ तेच. या मताप्रमाणे नावाचा अर्थ ‘शुभ्रवस्त्रा’ असा होईल. दुसरा पक्ष ‘ल्लिअन्त’, म्हणजे पूर किंवा प्रवाह, हा शब्द गृहीत धरतो. त्यानुसार फेसाळत्या पाण्यासारखी शुभ्र कांती असलेली, असा अर्थ निष्पन्न होतो. दोन्ही अर्थ स्त्रीनामास शोभणारे आहेत. परंतु या नावाला जो अर्थ वेल्श मनात चिकटला, तो धातूंतून आलेला नाही. तो इतिहासातून आला आहे.

या इतिहासात दोन स्त्रिया प्रमुख आहेत. पहिली, ग्विनेद राज्याचा राजा ग्रिफिद अप कनान याची कन्या आणि देहायबार्थ राज्याच्या ग्रिफिद अप रिस याची पत्नी. ११३६ साली पती साहाय्याच्या शोधात उत्तरेकडे गेलेला असताना तिने नॉर्मन सैन्याविरुद्ध किडवेलीच्या किल्ल्याजवळ स्वतः लढाई दिली. तीत ती मारली गेली. तिचा एक पुत्र पडला आणि दुसरा कैद झाला. जेराल्ड ऑफ वेल्स याने ११८८ सालच्या प्रवासावर आधारित आपल्या लॅटिन ग्रंथात तिची तुलना ग्रीक आख्यानांतील योद्ध्या स्त्रियांच्या राणीशी केली आहे. किडवेलीजवळील त्या रणभूमीला आजही ‘ग्वेनल्लिअनचे मैदान’ असेच म्हणतात. तिचा दुसरा एक पुत्र रिस याने पुढे ११७६ साली कार्डिगन येथे कवी व वादक यांचा मेळावा भरविला. वेल्समधील आइस्तेद्वोद या साहित्य-संगीत संमेलनाच्या परंपरेचा आरंभ त्या मेळाव्यापासून मानला जातो. ‘मॅबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथाचक्राच्या चार शाखांची कर्ती हीच ग्वेनल्लिअन असावी, असे मत अँड्र्यू ब्रीझ या अभ्यासकाने मांडले आहे. ते सर्वमान्य झालेले नाही.

दुसरी ग्वेनल्लिअन हिच्या हाती तलवार कधी आली नाही. वेल्सचा राजपुत्र ल्लवेलिन अप ग्रिफिद याची ही एकुलती कन्या. तिचा जन्म जून १२८२ मध्ये उत्तर वेल्समधील अबर्ग्विन्ग्रेगिन येथे झाला आणि तिच्या जन्माच्या वेळीच तिची आई एलिनॉर द माँफर्ट मरण पावली. त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी किलमेरी येथे पिता मारला गेला. पुढील वर्षी चुलता दावीद याला देहान्ताची शिक्षा झाली. वेल्सची सत्ता आपल्याकडे घेणाऱ्या पहिल्या एडवर्ड राजाने या तान्ह्या मुलीला लिंकनशर परगण्यातील सेंप्रिंगम येथील गिल्बर्टाइन मठात पाठविले. तिला संतती होऊ नये आणि तिच्या नावाभोवती कोणी एकत्र येऊ नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. १३०१ साली एडवर्डने आपल्या पुत्राला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही पदवी दिली. त्या वेळी जुन्या राजघराण्याची ही कन्या मठाच्या भिंतींआड एकोणिसाव्या वर्षात होती. ७ जून १३३७ रोजी तिचा तेथेच मृत्यू झाला.

तिच्याजवळ पितृकुलाचे काही राहिले असेल, तर ते एक नाव. पण ज्या प्रदेशात ती वाढली, तेथे ते नाव उच्चारण्यास आवश्यक असलेला ध्वनीच लोकांच्या भाषेत नव्हता. इंग्रजी नोंदींत ते ‘वेन्सिलियन’, ‘वेन्टलिअन’ अशा रूपांत आढळते. आरंभीच्या गकाराचा लोप हा वेल्श व्याकरणालाही परका नाही. विशिष्ट स्थानी ‘ग्वेन’चे ‘वेन’ तेथेही होते. परंतु मधला ध्वनी हरवला, तो लेखनिकांच्या कानामुळे. त्यांनी तो कधी ‘सिल’, कधी ‘टल’ असा ऐकला, आणि ऐकला तसा लिहिला.

हा प्रकार एका राजकन्येपुरता मर्यादित नव्हता. ‘ल्लुइद’ या वेल्श नावाचे इंग्रजीत ‘फ्लॉइड’ झाले. ‘ल्लवेलिन’चे ‘फ्लुएलन’ झाले, आणि शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या नाटकातील वेल्श सेनाधिकारी याच नावाने वावरतो. १५३६ व १५४३ सालच्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत पूर्णपणे सामील झाला आणि न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली. व्यक्तीच्या नावापुढे पित्याचे नाव जोडण्याची जुनी पद्धत मागे पडत गेली. ‘अप रिस’, म्हणजे रिसचा पुत्र, याचे ‘प्राइस’ झाले, ‘अप हवेल’चे ‘पॉवेल’ झाले. मुलींना मार्गरेट, एलिझाबेथ, कॅथरीन ही नावे ठेवण्याकडे कल वाढला. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या वेल्श करनोंदींत वारंवार भेटणारी ग्वेनल्लिअन या काळात क्रमाने विरळ होत गेली. नाव कोणी निषिद्ध केले नव्हते; फक्त दप्तरात, न्यायालयात आणि प्रतिष्ठितांच्या तोंडी त्याला जागा उरली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात वेल्श नावांविषयी पुन्हा आस्था निर्माण झाली. तथापि सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये जी नावे रुजली, ती पाहण्यासारखी आहेत : ग्वेन, ओल्वेन, ब्रॉन्वेन आणि विशेषतः ग्वेन्डोलेन. जेफ्री ऑफ मॉन्मथ याच्या बाराव्या शतकातील लॅटिन इतिहासकथेतून आलेले हे शेवटचे नाव जॉर्ज एलियटच्या ‘डॅनिअल डेरोंडा’ (१८७६) या कादंबरीच्या नायिकेला आणि ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालच्या नाटकातील एका युवतीला मिळाले. या चारही नावांत ‘ल्ल’ हा ध्वनी नाही. नावाची लोकप्रियता केवळ त्याच्या अर्थसौंदर्यावर ठरत नाही, तर शेजारच्या सत्ताधारी भाषेला ते किती सुलभ वाटते यावरही ठरते, असे यावरून म्हणता येईल. ग्वेनल्लिअन हे नाव मात्र वेल्समध्येच राहिले. १९१० साली ब्रेकन नगराच्या महापौर झालेल्या आणि वेल्समधील पहिल्या स्त्री-महापौर ठरलेल्या इतिहाससंशोधिका ग्वेनल्लिअन मॉर्गन यांनी ते सार्वजनिक जीवनात प्रतिष्ठेने मिरविले.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया अगदीच परकी वाटणार नाही. महाराष्ट्राबाहेर ‘टिळक’ हे ‘तिलक’ होतात. रोमन लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’ यांच्यातील भेद पुसला जातो. ळकार ही ज्याप्रमाणे मराठी माणसाची ओळख पटविणारी खूण आहे, त्याचप्रमाणे ‘ल्ल’ ही वेल्श माणसाची. भेद इतकाच, की मराठीच्या पाठीशी कोट्यवधी भाषक आहेत. वेल्श बोलू शकणाऱ्यांची संख्या १९११ च्या जनगणनेत ९,७७,००० हून अधिक होती. २०२१ मध्ये ती सुमारे ५,३८,००० भरली, म्हणजे वेल्समधील तीन वर्षे व त्यावरील लोकसंख्येच्या १७.८ टक्के.

या घसरणीला विरोध करणारे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. १९३९ साली ॲबरिस्टविथ येथे वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली; १९६२ साली सॉन्डर्स लूइस यांच्या नभोवाणीवरील व्याख्यानाने भाषा-चळवळीला चालना दिली; २०११ च्या कायद्याने वेल्शला वेल्समध्ये अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. अशा वातावरणात मुलीचे नाव ग्वेनल्लिअन ठेवणे हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. हे नाव अचूक उच्चारणारी माणसे मुलीच्या आयुष्यात असतील, असा विश्वास त्या निवडीत गृहीत असतो.

सेंप्रिंगम येथे १९९३ साली राजकन्येचे स्मारक उभारण्यात आले. २००९ साली स्नोडोनिया भागातील ‘कार्नेद इखाव’ या शिखराला ‘कार्नेद ग्वेनल्लिअन’ हे नाव देण्यात आले. ‘कार्नेद’ म्हणजे दगडांची रास. त्याच पर्वतरांगेत पित्याच्या नावाशी जोडलेले कार्नेद ल्लवेलिन आणि चुलत्याच्या नावाशी जोडलेले कार्नेद दावीद ही शिखरे पूर्वीपासून आहेत. मठाच्या कागदांत जे नाव धड लिहिले गेले नाही, ते आता नकाशावर आप्तांच्या शेजारी, वेल्श वर्णविन्यासात, संपूर्ण लिहिले जाते.