दहा दिवसांची वाडी

पहाटे पाचला चूल पेटते. खरी तर गॅसची शेगडी, पण शिबिरात तिला चूलच म्हणायचे असा आमच्या स्वयंपाकिणीचा दंडक. चाळीस जणांची पेज, कैरीचे लोणचे, चण्याची सुकी भाजी. गोव्यात मोप्याच्या सड्याखाली मे महिन्यात मुलांचे शिबिर भरवायचे म्हणजे गाणी-खेळ फार थोडे आणि हिशेब फार. चपला मोजायच्या, बाटल्या मोजायच्या, झोपण्यापूर्वी डोकी मोजायची. पहिल्या रात्री तीन-चार मुले रडतात. तिसऱ्या रात्री कोणी रडत नाही. उलट घरचा फोन आला तर कंटाळतात. हा बदल नक्की कधी होतो ते मला अजून पकडता आलेले नाही.

यंदा एक पाहुण्या आल्या होत्या. ठाण्याच्या, निवृत्त शिक्षिका, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी. त्यांचे आडनाव अलिबागकडच्या एका गावाचे. किहीमकर, रोहेकर, पेणकर यांच्याच माळेतले. विमानतळावर उतरून वीस मिनिटांत शिबिरात आल्या आणि खोली न विचारता आधी स्वयंपाकघर विचारले. तरुणपणी त्यांनी आपल्या समाजातल्या मुलांची शिबिरे सांभाळली होती. "शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शनिवार संध्याकाळपर्यंतचं सगळं शिजून तयार पाहिजे," त्या म्हणाल्या. "नवीन विस्तव नाही, चिराचिरी नाही. शिबिराची खरी परीक्षा शुक्रवारी दुपारी तीन ते सहा."

मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून भांड्यांचे दोन संच ठेवावे लागतात. त्यावरचा त्यांचा तोडगा सोपा होता : दहाही दिवस शाकाहारी. माशांचा विषय निघाला तेव्हा मात्र आमची मुले गप्प झाली. ज्याला पर आणि खवले आहेत तोच मासा चालतो, हे बाईंनी दोनदा समजावले. बांगडा चालेल. कुरल्या नाहीत, तिसऱ्या नाहीत.

"आनी सुंगटां?" एकीने घाबरत विचारले.

"सुंगटंही नाहीत."

असल्या धर्मात जन्म घेणाऱ्यांविषयी त्या पोरीच्या चेहऱ्यावर जी कणव उमटली ती मी विसरणार नाही. पण माशांची हीच गोष्ट बेने इस्रायलांच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले, सात जोडपी वाचली, त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत तेल गाळू लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे दाविद राहाबी नावाचा एक यहुदी तिथे पोचला. हे आपलेच लोक का, हे ताडण्यासाठी त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी उचलली. मग राहाबीने झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या घराण्यांतली मुले निवडून त्यांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या आणि गावोगाव पाठवले. त्यांना काजी म्हणू लागले.

यहुदी शिबिरांत मुलांना सांभाळणाऱ्या तरुणांना मद्रीख म्हणतात, म्हणजे वाट दाखवणारा. बाईंचे म्हणणे असे की राहाबीचे काजी हेच आमचे पहिले मद्रीख. मला ते पटले, पण अर्धेच. काज्यांना वेगळा तंबू ठोकावा लागला नाही. शनिवार बंद पडलेल्या घाण्यात होता, सण स्वयंपाकघरात होते. त्या सणांची नावे तरी बघा : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण. आजी वाल सोलायला बसली की नातवाला कळायचे कुठला दिवस आला ते. वाडी नांदती असते तेव्हा शिबिराची गरज पडत नाही.

शिबिर निघते ते वाडी उठल्यावर. अमेरिकेत हे फार आधी झाले. पूर्व युरोपातून आलेली यहुदी कुटुंबे न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत राहत. त्यांच्या मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून 1902 मध्ये हडसन नदीच्या खोऱ्यात शिबिर सुरू झाले, ते पुढे सरप्राइझ लेक कॅम्प म्हणून ओळखले गेले. तेव्हा प्रश्न फुप्फुसांचा होता. 1947 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये 'रामा' नावाचे पहिले यहुदी शिबिर भरले तोवर प्रश्न बदलला होता : मुले धट्टीकट्टी, पण प्रार्थना आणि हिब्रू विसरलेली. आणि 1990 मध्ये, साम्यवादी राजवट कोसळल्यावर, हंगेरीतल्या सार्वाश गावी जे शिबिर उघडले तिथे आपण यहुदी आहोत हेच नुकते कळलेली मुले आली. घरच्यांनी भीतीपोटी लपवले होते. त्या सार्वाशला भारतातूनही मुले जातात. ठाण्या-मुंबईची, घरी मराठी बोलणारी.

आपल्याकडे वाडी उठली ती भीतीने नव्हे. आधी मुंबईच्या नोकऱ्यांनी आणि 1948 नंतर इस्रायलच्या ओढीने. पन्नासच्या दशकारंभी वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात चार-पाच हजारांवर आला आहे. शेजारी आपले कोणी उरले नाही की मुले दहा दिवसांसाठी एका ठिकाणी आणावी लागतात, असे बाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. नारळ खोवताना माणूस जसे बोलतो तसे त्या बोलत होत्या.

भीतीचा इतिहास आमच्या गोव्याचा. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनौषधींवरचा ग्रंथ 1563 मध्ये इथेच छापला गेला. मूळच्या यहुदी घराण्यातला हा माणूस गुपचूप यहुदी धर्म पाळत होता असे ठरवून त्याच्या मरणानंतर, 1580 मध्ये, पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, इन्क्विझिशनने, त्याची हाडे उकरून जाळली. आमचे हे पेडणे तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. हाडांचे हे मी मुलांना सांगितले नाही. पेजेच्या वेळी सांगायची गोष्ट नव्हे ती.

शुक्रवारी दुपारी मलिदा झाला. पातळ पोहे धुऊन निथळत ठेवले, गूळ किसला, वेलदोडा कुटला. शिजवायचे काहीच नाही. स्वयंपाकीण कडेला उभी राहून बघत होती, शेवटी न राहवून म्हणाली, "बाई, सोय कमी पडली." बाईंनी निमूट आणखी अर्धा नारळ खोवला. ताटात पोह्यांची रास, भोवती केळी, खजूर, संत्री, वर गुलाबाच्या पाकळ्या. नवस फेडताना किंवा लग्नाआधी मलिदा करतात आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आठवण काढतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, हे ऐकून मुले उत्साहात आली. आपल्याकडे तशा खुणा पांडवांच्या असतात, असे एकाने ठासून सांगितले.

आमचेही शिबिर सडा गेल्यावरच निघाले, हे बाईंशी बोलताना लक्षात आले. विमानतळ 2023 च्या जानेवारीत चालू झाला. आधी सड्यावर काजू होते, गुरे होती, धनगरांची घरे होती. तेव्हा कुठल्या शिक्षकाने मुलांना करवंद म्हणजे काय ते दाखवायला नेले होते? आता रांग करून नेतो, कुंपणाच्या अलीकडून दाखवतो आणि वहीत लिहून घेतो.

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, बाईंचा विसाव्याचा दिवस, संपवायचा होता. मेणबत्ती अनेक वातींची लागते. मुलांनी बारीक मेणबत्त्या कोमट करून एकमेकींत वळल्या होत्या, आदल्या दिवशीच. वाटीत लवंगा, पेल्यात काळ्या मनुकांचे सरबत. आकाशात तीन तारे दिसले की पेटवायची. चाळीस माना वर. एक सापडला. दुसरा सापडला. तिसऱ्यासाठी एकच आरडाओरडा झाला, काडी काढली गेली, आणि बाईंनी हात आडवा धरला.

"तो चालतोय," त्या म्हणाल्या.

विमान सड्यावर उतरले. आम्ही पुन्हा माना वर करून बसलो.