खांबाशी कुस्ती : बाळंभटदादा देवधर

कराटेचा पांढरा पोशाख आणि कमरेचा रंगीत पट्टा आता आपल्या आसनगावातील लहान मुलांच्याही परिचयाचा झाला आहे. क्योकुशिन या कराटेपंथाचे संस्थापक मासुतात्सु ओयामा (१९२३–१९९४) यांनी डोंगरात एकांतात राहून कशी खडतर साधना केली, ही हकीकत तर कराटे शिकणाऱ्या मित्रांकडून मी कितीदा तरी ऐकली. अशाच साधनेची एक कथा आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील आहे. कसाऱ्याचा घाट चढून नाशिक गाठावे, तेथून पुढे वणीचा सप्तशृंग गड. त्या कथेचे नायक म्हणजे मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर.

बाळंभटदादांचा जन्म १७८० चा, घराणे निफाड तालुक्यातील कोठुरे गावचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ते पुण्यास होते. आखाड्यांतून तोंडी चालत आलेली गोष्ट अशी, की निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन बलदंड पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांकडे जोड मागितली. दरबारातून कोणीच पुढे येईना. तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटाने विडा उचलला व तयारीसाठी मुदत मागून घेतली. तो थेट सप्तशृंगीवर गेला आणि अनुष्ठानास बसला. तेथे मारुतीने वानररूपात येऊन लाकडाच्या खांबावर सारे पेच करून दाखविले, असे सांगतात. परत आल्यावर त्याने अलीला चीत केले. ते पाहून गुलाबने लढण्याचाच नाद सोडला.

दृष्टान्ताविषयी ज्याची त्याची श्रद्धा. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख सापडतो. म्हणजे खांब बाळंभटदादांच्या पूर्वी सहाशे वर्षे होताच. मग त्यांचे कर्तृत्व कोणते? माझ्या मते, त्यांच्यापुढची अडचणच पाहिली म्हणजे ते कळते. समोरचा मल्ल वजनाने आणि ताकदीने आपल्याहून कितीतरी भारी. त्याच्यासारखा जोडीदार सरावाला आणायचा कोठून? आणि आणला तरी रोज रोज हाडे मोडून घेण्यात काय अर्थ?

खांब हा असा जोडीदार आहे की जो उलटून मारीत नाही, पण तसूभर हलतही नाही. माणसाला पकडले तर तो अंग चोरतो, दमतो, कधी मुद्दाम ढील देतो. खांबापाशी यातले काही नाही; हालचाल सगळी आपणच करायची, आणि भार असतो तो आपल्याच देहाचा. सागाचा किंवा शिसवीचा हा खांब बुडाशी जाड आणि वर निमुळता होत जातो. मांड्यांची पकड जाड अंगावर बसते, वरची बारीक मान हातांत आणि बगलेत येते, तिच्याही वर गोल बोंड. त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे कातडे सोलवटत नाही. पण पकड जरा सैल झाली की माणूस खाली! मी पहिल्यांदा मिठी मारली तेव्हा हातभर वर जातो न जातो तोच जमिनीवर आलो. आमच्या घरी आजवर व्यायाम म्हणजे शेतातली कामे. त्या कामांनी बळ येते, पण अंगाला पीळ कसा द्यावा ते खांबच शिकवितो. सलामी, उडी, तेढी, बगली, दसरंग अशा पायऱ्यांनी हे शिक्षण चालते. जी पकड खांबाच्या मानेला, तीच पुढे कुस्तीत गड्याच्या मानेला.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्तास गेले, त्यांच्याबरोबर बाळंभटदादाही गेले. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, ही सारी तेथे मल्लखांब शिकली असे परंपरा सांगते. बाळंभटदादांच्या शिष्यांत कोंडभटनाना गोडबोले आणि दामोदरगुरू मोघे यांची नावे घेतात. खरे सांगायचे तर अलीला हरविण्यापेक्षा हे शिकविणे मला मोठे वाटते. कुस्ती एका दिवसात संपली; १८५२ मध्ये दादा वारले, तोवर विद्या मात्र त्यांच्या एकट्याची राहिली नव्हती.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा १९८१ मध्ये उज्जैनला झाली, पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईस शिवाजी पार्कवर. पूर्वी वेतावर करीत तो प्रकार दोरीवर आला आणि मुलींनी तो आपलासा केला. गंमत अशी की, मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान २०१३ मध्ये दिला तो मध्य प्रदेशाने!

आणि २०२३ मध्ये छत्तीसगडच्या अबूझमाड भागातील आदिवासी मुलांच्या मल्लखांब चमूने दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा जिंकली. या मुलांना ना पेशव्यांचा आश्रय, ना घराण्याची परंपरा. आपल्या माहुलीच्या पायथ्याच्या पाड्यांवरील पोरे काही निराळी नाहीत. झाडावर ती कशी सरसर चढतात हे आपण रोज पाहतो. म्हणून जिमखान्याच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, मैदानाच्या एका कोपऱ्यात सागाचा एक खांब पुरावा आणि आठवड्यातून दोन दिवस तरी शिकविणारा जाणकार बोलवावा. खड्डा खणायला आम्ही मुले येऊ.