आवाज नेमका कुठे बिघडतो?

एफएम केंद्रावर नवी मांडणी झाली आणि आवाज मनासारखा येईना, की पहिला हात जातो तो प्रोसेसरकडे. मिक्सर आणि ट्रान्समीटर यांच्या मधे बसणारं हे यंत्र हळू बोलणाऱ्याला वर उचलतं, मोठ्याने बोलणाऱ्याला आवरतं आणि मर्यादेवर पहारा देतं. एफएममध्ये आवाजाच्या चढउतारानुसार प्रक्षेपणाची वारंवारिता हलते. हे हलणं दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झच्या पलीकडे जाऊ द्यायचं नसतं. 1975मध्ये रॉबर्ट ऑर्बन यांच्या ऑप्टिमॉड 8000 या यंत्राने आवाज दाबणं, आवरणं आणि स्टिरिओ संकेत तयार करणं ही कामं एकाच खोक्यात आणली. सगळं एका खोक्यात आलं, तसा सगळा दोषही त्याच खोक्याच्या माथी येऊ लागला. माझं म्हणणं असं, की मांडणीच्या वेळी येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ प्रोसेसरच्या अलीकडे किंवा पलीकडे असतं. त्याच्या सेटिंगला हात लावायचा तो सगळ्यांत शेवटी.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे एका केबलचे उलटे डाख. व्यावसायिक यंत्रांना जोडणाऱ्या एक्सएलआर प्लगमध्ये तीन पिना असतात. पहिली जाळीची, दुसरी आणि तिसरी आवाजाची. त्या दोघींवर एकच आवाज एकमेकांच्या उलट दिशेने वाहतो. डाव्या बाजूच्या केबलमध्ये या दोन तारांची अदलाबदल झाली आणि उजवी बाजू बरोबर राहिली, तर मीटर दोन्हीकडे छान नाचतात. हेडफोनवर निवेदकाचा आवाज जरा पोकळ, डोक्याच्या आजूबाजूला तरंगल्यासारखा वाटतो, पण ऐकू येतो. साध्या एका स्पीकरच्या रेडिओवर मात्र तो जवळजवळ नाहीसा होतो. एफएम स्टिरिओत मुख्य संकेत डाव्या-उजव्याच्या बेरजेचा असतो आणि फरक वेगळ्या, 38 किलोहर्ट्झच्या उपवाहकावर जातो. निवेदक दोन्ही बाजूंना सारखाच असतो. एक बाजू उलटली की बेरीज शून्य. गाण्यांत मात्र दोन्ही बाजू वेगवेगळ्या असतात, म्हणून गायक बुडतो आणि मागची काही वाद्यं वाजत राहतात. भरीला, संकेत क्षीण झाला की अनेक कार रेडिओ आपोआप स्टिरिओकडून मोनोकडे सरकतात. मग तक्रार येते ती लांबच्या गावातून, आणि केंद्रावर निष्कर्ष निघतो की ट्रान्समीटरची ताकद कमी पडते. कुणी प्रोसेसरची पातळी वाढवतं, कुणी अँटेनाकडे बघतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! प्रोसेसर दोन्ही बाजू इमानदारीने सांभाळत असतो. उलटलेली बाजू सुलटी करा असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पातळीचा घोटाळाही असाच. घरगुती यंत्रांची ठरावीक पातळी व्यावसायिक यंत्रांपेक्षा सुमारे 12 डेसिबलने कमी असते. संगणकाच्या साध्या साऊंड कार्डचा आवाज थेट व्यावसायिक इनपुटला दिला, की प्रोसेसर तो वर ओढू लागतो. निवेदक श्वास घ्यायला थांबला की पंख्याची घरघर हळूहळू चढते आणि तो बोलू लागताच दबते. ही घरघर प्रोसेसरने निर्माण केलेली नाही, उपाशी ठेवल्यामुळे त्याने ती शोधून आणली आहे.

पलीकडच्या बाजूला, म्हणजे ट्रान्समीटरकडे, दबा धरून बसलेला दोष म्हणजे प्री-एम्फसिस. एफएममध्ये खरखर वरच्या पट्टीत जास्त असते, म्हणून प्रक्षेपणापूर्वी वरचे स्वर मुद्दाम वाढवतात आणि रेडिओ संच ते तेवढेच कमी करतो. भारतात यासाठी 50 मायक्रोसेकंदांचं प्रमाण आहे, अमेरिकेत 75. 50च्या प्रमाणात 10 किलोहर्ट्झचा स्वर सुमारे 10 डेसिबलने वर जातो. आता ही वाढ प्रोसेसरनेही केली आणि ट्रान्समीटरनेही, तर रेडिओ ती एकदाच उतरवतो. दुसरी तशीच उरते. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं कानात टोचू लागतात, आणि मर्यादा ओलांडली जाते ती वेगळीच. अशा वेळी प्रोसेसरवरचा ट्रेबल कमी करणं म्हणजे दुखणं झाकणं. शक्यतो ही वाढ प्रोसेसरमध्ये ठेवून ट्रान्समीटरमधली बंद करावी.

यावर कुणी म्हणेल, तज्ज्ञांनी तयार करून दिलेले प्रीसेट आहेत, त्यातला एक निवडला की झालं. प्रीसेट उत्तम असतात, पण ते करणाऱ्याने योग्य पातळीचा, सुलट्या तारांचा, स्वच्छ आवाज गृहीत धरलेला असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेजारचं केंद्र मोठ्याने वाजतं, आपलं बारीक वाटतं, मग श्रोता थांबेल कसा? पण 75 किलोहर्ट्झची कमान सर्वांना सारखीच आहे. तिच्या आत मोठेपणा वाढवायचा तर हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतरच खाऊन टाकावं लागतं. ते थोडं खाल्लेलं चालतं. फार खाल्लं की दम न घेता बोलणाऱ्या माणसासारखं होतं, तास दोन तासांत कान थकतात.

मोजमापाची महागडी उपकरणं छोट्या केंद्रांना परवडत नाहीत, हेही खरं. देशातल्या सामुदायिक केंद्रांना 100 वॉटपर्यंत प्रक्षेपणाची मुभा आहे आणि म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी केंद्रं गावच्या श्रोत्यांसाठी चालतात. पण वर सांगितलेले उलट्या तारांचे आणि पातळीचे दोष पकडायला लागतो तो 1 किलोहर्ट्झचा एक सूर, एका स्पीकरचा स्वस्त रेडिओ आणि वही. प्रोसेसर बायपास करून सूर आधी फक्त डावीकडे सोडायचा, मग फक्त उजवीकडे, मग दोन्हीकडे; प्रत्येक टप्प्यावर मीटर काय दाखवतं ते लिहायचं. दोन्हीकडे सोडल्यावर छोट्या रेडिओवरचा सूर वाढला पाहिजे. तो गडप झाला, तर प्रोसेसरला हात न लावता डाव्या-उजव्या केबलचे प्लग उघडून दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेचे डाख बघायचे.